वहिनीच्या पसंतीचा मॉनिटर

५ फेब्रुवारी, बुधवार

गठ्ठा परत आला. सगळाच्या सगळा!

शाळेला शंभर वर्षं झाली म्हणून पुस्तक निघतंय. त्यातले जुने फोटो आम्ही दुरुस्त करून, रंगवून दिले होते. आज मुख्याध्यापिका बाई स्वतः ते घेऊन आल्या. टेबलावर एकेक मांडला आणि अगदी शांतपणे विचारलं, "आमच्या सगळ्या शिक्षकांना एकाच वर्षी कावीळ झाली होती का?"

मी हसायला गेले. त्या हसत नव्हत्या.

खरंच, चेहरे पिवळे, कानांपाशी हिरवट. आणि तेच फोटो वहिनीच्या मॉनिटरवर उघडले तर सगळे कसे टवटवीत, नुकतेच फिरून आल्यासारखे! म्हणजे मॉनिटर थापा मारतोय. कधीपासून, कोण जाणे. आणि आम्ही दोघी रोज त्याच्यासमोर बसून माना डोलावतोय.

बाईंनी मार्चअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर नीट झालं नाही तर काम दुसरीकडे. हे गेलं तर पुढचं वर्षभर ओळखपत्रांचे फोटो कापत बसायचं.

नवा मॉनिटर घ्यायचा. शिल्लक किती ते दोघींनाही तोंडपाठ, त्यामुळे आकडा ठरवायला वेळ लागला नाही. बेताचाच आकडा, त्याच्या वर जायचं नाही. रंगाचं काम वहिनीचं, तेव्हा पसंती तिची. तडे, डाग, उंदरांनी कुरतडलेले कोपरे हे माझं खातं. मी म्हणाले, आठवड्यात उरकून टाकू.

वहिनी "बघू" म्हणाली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकान मोठं. भिंतभर मॉनिटर आणि सगळ्यांवर एकच पोपट. पोपट इतका रंगीत की कुठलाही मॉनिटर चांगलाच दिसावा! वहिनीने पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला आणि म्हणाली, हा फोटो लावा. शाळेच्या पहिल्या शिपायाचा फोटो. पोपट गेला, शिपाई आला आणि अर्ध्या भिंतीचं पितळ उघडं पडलं. एकावर तर तो बिचारा जांभळा! विक्रेता गडबडला. गडबडला की तो "याला पर्याय आहे" म्हणतो. इतक्या वेळा म्हणाला की आम्ही त्याचं नावच पर्याय ठेवलं.

पर्यायने विचारलं, तुम्ही बहिणी का? मी म्हणाले, ही माझी वहिनी. मग म्हणतो, दादांना आणायचं होतं बरोबर, त्यांना यातलं कळलं असतं.

दादांना! आमचा दादा गेली सात वर्षं दुसऱ्या गावात, दुसऱ्या संसारात आहे. हे काय दुकानात उभं राहून सांगायचं? दादा कामात आहे, म्हणाले. वहिनी मॉनिटरच्या मागे जाऊन वायरी बघत राहिली.

लोकांना हे कोडं सुटत नाही. नवरा घर सोडून गेला आणि बायको नणंदेपाशी राहिली! घटस्फोट झाला त्या संध्याकाळी तिने मला विचारलं होतं, "ठमे, मी आता तुझी कोण?" (ठमी हे मला घरात पडलेलं नाव. बुटकेपणावरून.) मी म्हणाले, भागीदार. दुसऱ्या दिवशी दारावरच्या पाटीवर तिचं नाव घातलं. संपला विषय.

तर — एक मॉनिटर छान होता. चोवीस इंची, रंग खरे, आकड्यात बसणारा. मी पाकीट काढलंसुद्धा. वहिनी म्हणाली, याचा स्टँड खाली होत नाही.

झालं. रिकाम्या हातांनी घरी.

८ फेब्रुवारी, शनिवार

खाली कशाला व्हायला हवा? ताडमाड बाई! तिला तर वर हवा. विचारलं तर म्हणते, असू दे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुसरं दुकान. इथे पोपटाऐवजी धबधबा.

मॉनिटर सापडला. स्टँड वर होतो, खाली होतो, मान डोलावतो, पाहिजे तर आडवा पडतो. शिपाई त्यावर शिपायासारखा दिसला. वहिनीने खुर्ची मागवली, बसली, कडेने बघितलं, उभं राहून बघितलं. मग मला बसवलं. मग म्हणाली, काच चकचकीत आहे. मागे खिडकी असली की उजेड डोळ्यांत येईल.

कुठली खिडकी? रंगाचं टेबल आतल्या भिंतीशी आहे. तिथे भर दुपारी दिवा लावावा लागतो! खिडकीशी बसते ती मी, तडे बुजवत, माझ्या जुन्या डबड्यासमोर. त्यावर सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं, पण तड्यांना काय, दुधातही तडे दिसतात.

हे सगळं मी तिला दुकानातच ऐकवलं. विक्रेता मध्ये पडला नाही. वहिनी म्हणाली, "टेबलं काय, हलवता येतात."

सात वर्षांत एक टेबल हललेलं नाही आमच्याकडे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज तिने इंटरनेटवर लोकांची मतं वाचली. सकाळपासून. एकाने लिहिलंय, अप्रतिम. त्याच मॉनिटरबद्दल दुसऱ्याने लिहिलंय, पैसे पाण्यात. एक जण म्हणतो खोकं फार सुंदर आहे! माझ्या डोक्याला मुंग्या आल्या. फोटो एकही झाला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन. महिन्यातून एकदा करतो. त्याच्या मनाला बरं वाटतं. त्याचा फोन आला की वहिनी उठून आत जाते, भांडी काढते, परत लावते. भांडण नाही, काही नाही. फक्त खोलीत थांबत नाही.

मी चुकून मॉनिटरचं बोलले. मग काय विचारता! अर्धा तास व्याख्यान. मोठा घ्या, वाकडा घ्या, हल्ली सगळे वाकडेच घेतात, आणि एवढ्याशा पैशांत काय येणार म्हणा. मग म्हणाला, तिला सांग मी विचारलं म्हणून.

तिला सांगितलं नाही. फोन स्पीकरवर होता, आत तिला सगळं ऐकू येतच होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

एक जाहिरातींचं ऑफिस बंद होतंय, सामान विकतायत. आमच्या आकड्यात सत्तावीस इंची, असला की बघत राहावं! दोन वर्षं वापरलेला, पण जपून. मी रिक्षातच ठरवून टाकलं होतं.

ऑफिस उजाड. भिंतींवर फक्त खिळे. तिथल्या बाईने मॉनिटर लावून दिला आणि पाठ करून उभी राहिली, तिला बघवत नसावं. रंग उत्तम. काच मॅट, चकाकी नाही. स्टँड खाली येतो. मी वहिनीकडे बघितलं. आता काय काढणार?

काढलं! बटणं मागे आहेत. चाचपून दाबावी लागतात.

"तर?" मी म्हणाले.

"अंगठा आखडलेल्या माणसाला जमायचं नाही."

अंगठा माझा आखडलाय. तिचे दहाच्या दहा ठणठणीत आहेत. मॉनिटर तिचा, बटणं तिची, अंगठाही तिचाच लागणार! परतीच्या रिक्षात मी तोंड फिरवून बाहेर बघत बसले. घराच्या वळणावर ती म्हणाली, त्या बाईचं वाईट वाटलं गं. कुठे जाईल आता ती, कोणास ठाऊक.

मला त्या वेळी त्या बाईचं काही वाटत नव्हतं. मला सत्तावीस इंचांचं वाटत होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नवं खूळ. मला शेजारी बसवते आणि रंग दाखवते. मॉनिटर फसवतोय म्हणून कोपऱ्यावरच्या फोटो लॅबमधून छोट्या छोट्या पट्ट्या छापून आणल्यात. हातात पट्टी, समोर स्क्रीन, आणि परीक्षा. यात काय जास्त आहे, सांग. मी म्हणाले हिरवा. नीट बघ, म्हणाली. मी म्हणाले पिवळा. पुन्हा बघ. मग कळलं की लाल कमी आहे. जास्त काही नाहीच!

तिला कसं दिसतं ते मला कळत नाही. राखाडी फोटो बघून ती सांगते, हे लुगडं निळं असणार. आणि बाई एखाद्या म्हाताऱ्या विद्यार्थिनीला विचारतात तर ती म्हणते, हो, निळंच होतं.

मी सांगून टाकलं, हे तुझं काम आहे, मला माझे तडे बुजवू दे. ती म्हणाली, "एक तास रोज. माझ्यासाठी."

माझ्यासाठी म्हटलं की मी गप्प. हे तिला पक्कं ठाऊक आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज सहापैकी चार बरोबर. सांगायची सोय नाही, पण मजा आली.

१ मार्च, शनिवार

मुख्याध्यापिका बाईंचा फोन. आवाज गोड होता, तोच धोका. नवे नमुने कधी बघायला मिळतील? मी म्हणाले, लवकरच. त्या म्हणाल्या, हे तुम्ही मागेही म्हणाला होतात.

फोन ठेवला आणि माझा बांध फुटला. वहिनी शांतपणे नखाने स्क्रीनवरची धूळ काढत होती, तेवढंही पुरलं. मी काय काय बोलले! दुकानं पालथी घातली, एकातही तुझ्या मनासारखं नाही. हा उंच, तो चकचकीत, त्याची बटणं पाठीला. लग्नासाठी मुलगी बघणाऱ्यांनीसुद्धा इतकी नाकं मुरडली नसतील! आकडा वाढणार नाहीये, मुदत वाढणार नाहीये. तुला मुळात घ्यायचाच नाही, असं म्हणाले.

ती ऐकून घेते, हाच तिचा मोठा दोष. भांडायला समोर कोणीतरी लागतं ना!

शेवटी म्हणाली, "घ्यायचाय. पण चुकीचा आला तर नंतर कोण बघणार?"

मी म्हणाले, वॉरंटी असते, दुकानदार बघेल. ती उठून चहा टाकायला गेली.

४ मार्च, मंगळवार

घेतला!!

पर्यायकडेच मिळाला. त्यानेच फोन केला, म्हणाला, तुमच्या मॅडमना हवा तसा आलाय. चोवीस इंची. काच मॅट. स्टँड वर-खाली. रंग कारखान्यातच जुळवून आलेले, त्यांच्याशी फार खटपट करावी लागत नाही. बटणं समोर, खालच्या कडेला, एकेक वेगळं. आकड्याच्या किंचित वर जात होता. वहिनीने घासाघीस केली! सात वर्षांत मी तिला भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस करताना बघितलेलं नाही. पर्यायने एक केबल फुकट दिली आणि आकड्यावर आला.

शिपाई त्यावर असा दिसला की मी त्याला नमस्कार करायची बाकी होते.

परवा घरपोच देणार. मी इतकी हलकी झालेय की काय सांगू. वहिनी मात्र वाटभर गप्प. दमली असेल.

६ मार्च, गुरुवार

खोकं सकाळी आलं. मी फोटो पोचवायला बाहेर जाणार होते. वहिनी म्हणाली जा तू, मी लावते.

दुपारी परत आले तर माझं डबडं खाली जमिनीवर, तोंड भिंतीकडे. खिडकीजवळच्या टेबलावर नवा मॉनिटर. माझ्या टेबलावर!

मला वाटलं टेबलं बदलली. पण नाही, तिचं टेबल जिथल्या तिथे, त्यावर तिचा जुना थापाड्या. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, बैस.

बसले. माझा चष्मा जवळचा आणि लांबचा एकत्र आहे. डबड्यासमोर मला हनुवटी वर करून बघावं लागायचं. मान धरायची, रोज संध्याकाळी तीच तेल चोळून द्यायची. आज हनुवटी जागच्या जागी राहिली. स्क्रीन खाली, बरोबर नजरेसमोर. मागे खिडकी सताड उघडी, पण काचेवर उजेडाचं नाव नाही. अंगठा आपोआप बटणावर गेला.

मला अजूनही कळलं नाही. मी इतकी कशी ठोंब! मी म्हणाले, पण तुला हा फार खाली पडेल.

तेव्हा तिने सांगितलं. एका मोठ्या छापखान्यात रंग तपासायला माणूस हवा होता. पार दुसऱ्या टोकाला, रात्रभराच्या प्रवासावर. जानेवारीतच बोलावणं आलं होतं. फोटोंचा गठ्ठा परत आल्यावर तिने त्यांना कळवलं, घरी एक काम राहिलंय, ते झालं की येते.

मी विचारलं, कोणतं काम? आणि विचारतानाच कळलं.

मग विचारलं, का जातेस? ती खिडकीशी उभी होती.

"इथे मी तुझ्या दादाची सोडलेली बायको आहे, ठमे. दुकानात, बाजारात, फोनवर. तू मला कधीच तसं वागवलं नाहीस. पण तू एकटीच."



७ मार्च, शुक्रवार

आज राग आला. उशिराच येतो मला. जानेवारीपासून माहीत होतं! आणि मी दुकानादुकानांतून तिच्या नावाने बोटं मोडत हिंडतेय. ती ऐकून घेतेय. एवढं मोठं मनात ठेवून माणूस काच चकचकीत आहे म्हणतं!

दोघी आपापल्या टेबलाशी. मी तडे बुजवले. तेसुद्धा वाकडे.

९ मार्च, रविवार

राग ओसरला. त्याच्या जागी जे आलंय ते जास्त त्रासाचं आहे.

पर्यायला मी काय सांगितलं होतं? ही माझी वहिनी. तेवढ्यावरून त्याने दादाला दुकानात आणून उभं केलं. बँकेत तेच, डॉक्टरकडे तेच. दर वेळी ती वायरी बघत बसली असणार. पण मी दुसरं काय म्हणणार? मी चोवीस वर्षांची असताना ती या घरात आली. तेव्हापासून वहिनी. तिला तिच्या नावाने हाक मारून बघितली आज, मनातल्या मनात. कोणीतरी परकीच बाई वाटली.

१२ मार्च, बुधवार

पहिले दहा फोटो नव्याने रंगवले. मी. ती मागे उभी होती, एकदाही बोलली नाही. एका शिक्षिकेच्या गालाशी मी अडले. तेव्हाही बोलली नाही. लाल वाढवलं. तिने हुं केलं. सात वर्षांत तिचं इतकं सुंदर हुं ऐकलं नव्हतं.

छापून आणले. चेहऱ्यांना रक्त आलंय.

१४ मार्च, शुक्रवार

मुख्याध्यापिका बाई आल्या. एकेक फोटो खिडकीशी नेऊन बघितला. म्हणाल्या, आता ही माणसं मला ओळखू येतात. बाकीचे असेच करा. काम आमच्याकडेच राहिलं!

वहिनीकडे वळून त्यांनी तिचं कौतुक केलं. ती म्हणाली, "मी नाही, हिने केलेत."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला फार अभिमान वाटायला हवा होता. मी थापाड्याकडे बघत राहिले. तो बंद होता.

सोमवारी रात्रीची गाडी. आज तिने स्वेटर काढून उन्हात टाकले. तिकडे थंडी असते म्हणे.

१५ मार्च, शनिवार

दिवसभर बांधाबांध. किती थोडं सामान आहे तिचं! मीच वैतागले, अजून काहीतरी ने ना म्हणून. तवा दिला. ती म्हणाली, मग तू कशावर भाजशील? परत जागेवर ठेवला.

१६ मार्च, रविवार

सकाळी मॉनिटर चालू केला आणि म्हणाले, "वहिनी, इथे एक काळा ठिपका आहे. वरच्या कोपऱ्यात. पुसून जात नाहीये."

ठिपका नव्हता.

ती हातातली घडी ठेवून आली. वाकली. तिच्या नजरेतून सुईच्या टोकाएवढंसुद्धा सुटत नाही. तिने तो कोपरा बघितला, पुन्हा बघितला. मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली.

"हो गं," म्हणाली. "आहे. बदलूनच घ्यावा लागेल."

पर्यायला फोन तिनेच केला. तो म्हणतो, आठवडा तरी जाईल.